भिंतीवरचे अखेरचे शब्द

"पन हे ऐकलं कुनी?"

मागच्या रांगेतून आवाज आला आणि विद्यापीठाचं सभागृह गप्प झालं.

पत्रकारितेचा हा परिसंवाद दरवर्षीचाच. यंदापासून तो दिवंगत प्रा. भास्कर घोंगडे यांच्या नावाने होता. मंचामागे सरांचा फोटो, आणि फोटोखाली कापडी फलक : 'सरांचे अखेरचे शब्द – लेखणी खाली ठेवू नका.'

ओरडला होता बबन, सरांचा धाकटा भाऊ. सातवीतून शाळा सोडलेला, खिडक्यांना जाळ्या वेल्डिंग करून देणारा. दादा जाऊन चार महिने झाले होते. शेवटी तो काय बोलला, हे बबनने डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, वहिनीला विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

आणि इथे ते भिंतीवर टांगलेलं!

"मॅडम, तुमी व्हता का तिथं?"

विभागप्रमुख केळुसकर मॅडम चाचरल्या. "नाही... पण सर नेहमी असंच म्हणायचे."

"मग काढा ते! न्हाईतर मीच फाडतो."

तो खुर्च्या ढकलत पुढे निघाला.

मंचावरून तात्या बोरीकर उठले. तालुक्याच्या साप्ताहिकाचे संपादक, वय एक्क्याऐंशी. भास्करला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. काठी टेकत ते खाली आले, बबनला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं... आणि स्वतः त्याच्या पायाशी, फरशीवर बसले.

"अवो तात्या, वर बसा की!"

"ज्याला विचारायचं, त्याच्याहून खाली बसायचं." तात्यांनी वही काढली. "तुझ्याशी शेवटचं काय बोलला तो?"

"फोन केलता. म्हनला, काळा चष्मा लावत जा, डोळे घालवशील. मी म्हनलो, भाषनं तुझ्या वर्गातल्या पोरांना दे."

"मग?"

"मग... फोन ठिवला."

"कुणी?"

"...मी."

तात्यांनी पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. मग शब्द न् शब्द वाचून दाखवला. तो शेवटचासुद्धा.

"बरोबर?"

"बरोबर."

मागे सळसळ झाली. बबनने वळून पाहिलं. अख्खं सभागृह खुर्च्या सोडून जमिनीवर बसलं होतं. तीनशे पोरं, केळुसकर मॅडमही.

बबनची नजर चेहऱ्यांवरून फिरली. दादा रोज याच माणसांत उभा राहायचा तर...

तो उठला. मंचावर जाऊन टेबलावर चढला. फलक फाडला नाही. एकेक गाठ हळूच सोडली, कापड उतरवलं, घडी घालून मॅडमच्या हातात दिलं.

"तात्या, फोटोखाली आता काय लावायचं?" बबनने विचारलं.

तात्यांनी वही मिटली.

"माहीत आहे तेवढंच."