भाताखालचा बोगदा

मोहतळ्यातल्या उकंडाजींच्या घरी सुगंधा सून म्हणून आली आणि आठव्या दिवशी भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली. महिन्याभरात दार लागेना, अंगण परातीसारखं खोलगट झालं. सासूबाई म्हणाल्या, "पायगुण." शेजारच्या बारा घरांनाही चिरा होत्या, पण त्यांनाही सुगंधाचाच पायगुण सोयीचा वाटला.

गावाखाली राजा मानधराची कोळशाची खाण होती. सुगंधा सासऱ्यांना घेऊन थेट दरबारात गेली.

राजा म्हणाला, "खालचा कोळसा माझा, वरची घरं तुमची. माझ्या माणसांनी तुमच्या भिंतीला हात तरी लावलाय?"

"नाही महाराज. पण खाली पोकळ झालं की वरची जमीन बसते."

"असं? मग ती बसणारी जमीन उद्या इथं आणून दाखव. नाहीतर पायगुण तुझाच, आणि तू कायमची माहेरी."

उकंडाजींनी कपाळाला हात लावला. सुगंधा म्हणाली, "महाराज, उद्याचं पान मी वाढू?"

"वाढ की. जमीन वाढणार आहेस का?" दरबार हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रावळीवर भाताचा उंच ढीग थापला, वर आळं केलं आणि ते वरण-तुपानं काठोकाठ भरलं.

"महाराज, वरचं वरण माझं, खालचा भात तुमचा. माझ्या वरणाला बोट न लावता जेवा."

राजा मोठ्या हुशारीनं बुडातून भात काढू लागला. चार घासांत छान बोगदा झाला.

"मधे थोडा भात टेकूला राहू द्या, महाराज."

"का म्हणून? भात माझा आहे."

पाचव्या घासाला ढिगाला चीर गेली. सहाव्याला माथा खचला आणि वरण घळघळत राजाच्या पितांबरावर आलं.

"अगं, मी वर हातसुद्धा लावला नाही!"

"खरं आहे, महाराज," सुगंधा पदर सावरत म्हणाली. "आणि मी पायसुद्धा लावला नाही."

राजा आधी पितांबराकडे बघत राहिला, मग पोट धरधरून हसला. त्यानं गावाखालची खोदाई तिथल्या तिथं थांबवली, पोकळीत भक्कम टेकू द्यायला लावले आणि तेराही घरं आपल्या खर्चानं पक्क्या जमिनीवर बांधून दिली. सुगंधाला हिरवी पैठणी देताना म्हणाला,

"सासूबाईंना सांग, पायगुण माझा निघाला."