खोडलेलं माफीपत्र

“गुरुजी, इंग्रजीतले किती अलंकार मला तोंडपाठ असतील, सांगा बघू?”

रेवणसिद्ध गुरुजी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. एकेकाळी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आता टेकडीवरच्या या मठातच राहत.

“तूच सांग.”

“बासष्ट!”

प्राध्यापक दिगंबर सावरगावे यांचं अलंकारांवरचं पुस्तक नुकतंच कॉलेजात लागलं होतं. पहिली प्रत गुरुजींच्या पायाशी ठेवताना त्यांना शाबासकीची खात्री होती.

गुरुजींनी पुस्तक कपाळाला लावलं. मग विचारलं, “नागेश कसा आहे?”

दिगंबररावांचा चेहरा उतरला.

नागेश त्यांचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या लेकीच्या बारशाला तो मोठ्या हौसेनं इंग्रजीत चार वाक्यं बोलला होता. दिगंबररावांनी तिथंच उठून त्याच्या इंग्रजीची अशी काही उपरोधिक तारीफ केली, की जमलेले पाहुणे पोट धरधरून हसले. तेव्हापासून नागेशनं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

“माफीचं पत्र लिहिलंय त्याला,” दिगंबररावांनी खिशातून कागद काढला. “आज पोस्टात टाकतो. बघा तरी, काय उतरलंय!”

गुरुजींनी पत्र उलगडलं.

“इंग्रजीत...?”

“मराठीत ती उंची येत नाही, गुरुजी.”

गुरुजींनी पेन मागून घेतलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती मराठीत वाचली.

“आपलं प्रेम म्हणजे कोसळलेला पूल. हे काय?”

“रूपक!”

गुरुजींनी ओळ खोडली.

“हजार रात्री डोळ्याला डोळा नाही?”

“अतिशयोक्ती.”

तीही गेली.

“तुझं मौन किंचाळतं?”

“विरोधाभास! परीक्षेत हमखास विचारतात.”

दिगंबरराव ताठ मानेनं नावं सांगत गेले. गुरुजी खोडत गेले. शेवटी कागदावर ‘प्रिय नागेश’ आणि खाली सही, एवढंच उरलं.

गुरुजींनी पत्र परत दिलं.

“गुरुजी, यात तर...”

गुरुजी पुन्हा शेंगा सोलू लागले.

दिगंबरराव त्या कागदाकडे बघत राहिले. आजवर त्यांनी कुणापुढे हार मानली नव्हती. मग मराठीत ते कसंबसं पुटपुटले,

“माझं चुकलं...”

गुरुजींनी मान वर केली.

“मला कशाला सांगतोस?”