न तापवलेला स्फटिक

“स्फटिक तापवून पाहिलास?”

शेणोलीकर सरांनी आलेखावरून नजर न उचलता विचारलं.

“गरज काय, सर? शिखर समोर दिसतंय.”

मुकुल तीन वर्षं त्या एका स्फटिकावर क्ष-किरण सोडत होता. आज आलेखावर एवढंसं शिखर उगवलं होतं. स्फटिकातलं चुंबकत्व अखेर हाती लागलं, अशी त्याची खात्री होती. संध्याकाळी पाचला पेपर पाठवायचा होता, नाहीतर परदेशातला दुसरा गट बाजी मारून नेणार. गडी सकाळपासून हवेतच होता.

“तापवलं की चुंबकत्व जातं. मग शिखरानंही जायला हवं.”

“जाईलच की!”

“मग घाबरतोस कशाला?”

मुकुलनं रागारागानं स्फटिक गार ठेवणारं यंत्र बंद केलं.

तापमान चढू लागलं. उणे दोनशे चाळीस... उणे दोनशे तीस... उणे दोनशे वीसला चुंबकत्व मावळायचं होतं.

उणे दोनशे वीस गेलं. उणे दोनशेही गेलं.

शिखर जिथल्या तिथं.

ते चुंबकत्व नव्हतंच. किरण स्फटिकाच्या आत दोनदा उसळून खोटं शिखर उठलं होतं, इतकंच. तीन वर्षं पाण्यात गेली.

मुकुल हळूच म्हणाला, “सर... हे आपल्या दोघांखेरीज कुणाला कळणार आहे?”

सरांनी ड्रॉवरमधून एक काचेची डबी काढली. आत मसुराएवढा काळा स्फटिक होता. मुकुलनं तो लगेच ओळखला. याच स्फटिकामुळे सरांचं नाव झालं होतं. पुस्तकातला त्याचा आलेख पाहूनच तर मुकुल त्यांच्याकडे शिकायला आला होता.

“हा तापवला नव्हता,” सर म्हणाले. “यंत्र सहा दिवस मिळालं होतं. सहाव्या दिवशी शिखर दिसलं, वेळ संपली. पुढे वेळ मिळाला, पण... धीर झाला नाही. एकतीस वर्षं.”

“नको, सर.”

“बसव.”

मुकुलनं स्फटिक यंत्रात बसवला, गार केला. शिखर उगवलं, अगदी पुस्तकात आहे तसंच.

घड्याळात साडेचार झाले होते.

“आता तापव.”

“आणि... नाही गेलं तर?”

सरांनी चष्मा काढला, मिटून खिशात ठेवला आणि ते पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले.

“चष्म्याशिवाय मला यातलं काही दिसत नाही. काय झालं ते तू सांग.”