वेशीवरचा ससाणा

"माझा ससाणा या वेशीवर असा कोर, की माझ्यानंतर येणाऱ्या कुणालाही तो खरवडता येऊ नये!" सरदार ओर्दोन्यो गरजला. स्पेनमधलं पेन्याल्ता हे डोंगरउतारावरचं चिमुकलं गाव त्याने कालच जिंकलं होतं, आणि ससाणा हे त्याच्या घराण्याचं चिन्ह होतं.

म्हातारा पाथरवट बाल्तासार बिचारा खरं बोलून बसला. "अशक्य आहे, सरकार! जो येतो तो आधीच्याचं चिन्ह खरवडून आपलं कोरायला लावतो. दगड पार झिजलाय!"

झालं! सरदाराने म्हाताऱ्याला तळघरात डांबलं आणि त्याच्या लेकीला, हिमेनाला, बजावलं, "तीन दिवसांत काम झालं नाही, तर बाप तिथेच राहील!"

हिमेनाच्या तोंडचं पाणी पळालं. आईमागे बापानेच तिला वाढवलं होतं, हाती छिन्नी दिली होती. तिने शेजाऱ्यांना हाताशी धरून वेशीच्या भिंतीतला तो दगड उतरवला, उलटा केला, आणि खुदकन हसली.

तिसऱ्या दिवशी सरदार घोड्यावरून आला. दगड भिंतीला टेकवलेला. समोरून कोराच!

"ससाणा कुठाय?"

"मागच्या बाजूला, सरकार! दगड बसवला की ती बाजू भिंतीत जाईल. जे दिसतच नाही, ते खरवडणार कोण?"

"अगं, मग मला तरी तो दिसेल का?"

"खरवडता येऊ नये, म्हणालात. दिसावा असं कुठे म्हणालात?"

शिपाई तोंड दाबून हसू लागले. सरदार लालबुंद झाला. "असला खुळा हुकूम मी देईन?"

"तुम्ही एकटेच नाही, सरकार. दगड फिरवून तर बघा!"

दगड फिरवला. ताज्या ससाण्याशेजारी रोमन सेनापतीचा गरुड, गॉथ राजाचा घोडा, अरब अमिराची किल्ली! सगळी चिन्हं जशीच्या तशी.

"यांनीही आमच्या घराण्याला हाच हुकूम दिला असणार," हिमेना म्हणाली. "पुढच्या बाजूचं काही उरलं नाही. ही मात्र कुणाच्या बापाला खरवडता आली नाहीत!"

सरदार वाकून वाकून बघत राहिला. ससाण्यापलीकडे वीतभर जागा रिकामी होती. "आणि ही का सोडलीस?"

"तुमच्यानंतर येणारे सरकारही हाच हुकूम देतील ना!"

सरदार असा खदखदून हसला, की डोक्यावरचं शिरस्त्राण निसटून उतारावरून गडगडत पार झऱ्यापर्यंत गेलं. "सोडा रे म्हाताऱ्याला! आणि पोरी, हा माझा घोडा तुला!"

बाल्तासार त्याच घोड्यावर बसून घरी गेला.