‘म्हणून’ न म्हणता

“माझ्या भाषणात खोट कुठे आहे, बुवा?”

श्रीरंगचा आवाज जरा चढलाच होता. तुळसगीर बुवांच्या मठात राहून त्याने दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढायची विद्या अशी काही कमावली होती, की गावात त्याच्याशी कुणी धड गप्पाही मारेनात.

बुवा गोणपाट शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रकरण साधं नव्हतं. गावात गुरं पटापट मरत होती. आबा देशमुखांचे दोन्ही बैल गेले, आणि दुःखाने पेटलेला तो माणूस चावडीवर सांगत सुटला, की कमळजा मीठवाली गावात राहायला आली आणि गुरं मरू लागली, म्हणून तिचं मीठच विषारी. आज दुपारच्या सभेत तिला गावाबाहेर काढायचं घाटत होतं. अंगावर पिणारं लेकरू घेऊन ती बाई जाणार कुठे? सभेत तिच्या बाजूने बोलायला श्रीरंगने भाषण रचलं होतं.

“आबांची खोट मी एका दमात सांगतो,” श्रीरंग म्हणाला. “ती आधी आली, गुरं मागून मेली. एवढ्यावरून तिने मारली असं ठरत नाही.”

“बरं. आता तुझं भाषण पुन्हा म्हण. फक्त त्यात ‘म्हणून’ आणायचं नाही.”

ही कसली अट? श्रीरंगला हसू आलं. तो उभा राहिला, खाकरला.

“आबा दारू पितात, म्हणून त्यांचं…”

थांबला. दुसरीकडून सुरुवात केली. “कमळजा गरीब आहे, म्हणून…” जीभ चावली. “आजवर या गावाने कुणाला हाकललेलं नाही…”

“मग?”

पुढे तोच शब्द येऊन बसला होता.

श्रीरंगचे कान तापले. इतके दिवस लोकांच्या तोंडची जी खोट आपण वेचत हिंडलो, ती आपल्याच घरात भरून ठेवलेली निघाली, हे त्याला फार झोंबलं.

“मग मी बोलू तरी काय?”

“तुला ठाऊक काय आहे?”

“काहीच नाही…”

“हे पहिलं वाक्य चांगलं झालं.”

श्रीरंगने पायात वहाणा सरकवल्या आणि गाव गाठलं. त्याने एकेक गोठा पालथा घातला. कुठे दार लावून घेतलं, कुठे टोमणे मिळाले, एका ठिकाणी तर अंगावर कुत्रं सोडलं. तो हटला नाही.

दुपारी तो सभेत उभा राहिला.

“शेलारतात्यांची गाय अमावास्येला मेली. कमळजा त्यानंतर आठ दिवसांनी गावात आली. कदमांची दोन जनावरं गेली. त्यांनी तिचं मीठ घेतलेलंच नाही.”

एवढं बोलून तो खाली बसला. मग गोदाकाकू म्हणाल्या, “बुवांचा चेला हाय, खोटं कशाला बोलंल? म्हणून म्हणते, ऱ्हाऊ द्या बाईला.”

माना डोलल्या. कमळजाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

श्रीरंगला हायसं वाटलं, पण क्षणभरच. काकूंचा तो एक शब्द त्याच्या कानातून जाईना.

तो पुन्हा उठला. “मी बुवांचा चेला आहे यावर जाऊ नका. खोटं मीही बोलू शकतो. शेलारतात्यांना विचारा. कदमांना विचारा.”

चुळबूळ झाली. कमळजाने घाबरून गाठोडं उचललं. आबा सरसावून बसले. तात्या काही उठेनात, आबांना दुखवायची त्यांची छाती नव्हती. श्रीरंग मात्र उभाच राहिला.

शेवटी तात्या उठले आणि त्यांनी गाय मेल्याची तिथी सांगितली. मग कदम बोलले. आबांनी स्वतःच बोटांवर दिवस मोजले, दोनदा मोजले, आणि तोंडाला उपरणं लावून ते रडले. कमळजा गावात राहिली.

सभेला आलेल्या बुवांबरोबर श्रीरंग मठाकडे परतत होता.

“जिंकलेली सभा मी पुन्हा पणाला लावली, बुवा. गप्प बसलो असतो, तरी ती राहिलीच असती ना?”



“राहिली असती. माझ्यापेक्षा मोठा बुवा गावात येईपर्यंत.”