खैरदऱ्याची हौसा आणि तांबड्या काठाचं फडकं

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. खैरदऱ्यात ज्याला विचाराल तो आपल्या खापरपणजोबाकडे बोट दाखवतो, आणि खापरपणजोबा काही साक्ष द्यायला येत नाही. एवढं मात्र सगळेच सांगतात की तेव्हा गावाला पाणी एकच होतं, गावाबाहेरच्या बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची.

आणि तेव्हा गावात नारू होता. आजच्या पोरांना नारू ठाऊक नाही, बरंच आहे. नारू म्हणजे दोऱ्यासारखा बारीक, हातभर लांब किडा. यंदाच्या पाण्यातून पोटात गेला की पुढच्या उन्हाळ्यात पायातून निघायचा. फोड यायचा, आगीचा लोळ उठायचा, आणि फोडातून त्याचं पांढरं तोंड डोकवायचं. मग तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर. घाई केली आणि तुटला तर पाय कामातून गेला म्हणून समजा. पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बाजेवर पडलेलं असायचं. लोक म्हणायचे, नारू देवाचा, आला तसा जाईल. देवाच्या नावावर लोक काय काय खपवतात, ते मी वेगळं सांगायला नको.

त्या गावात भिवा साळ्याची लेक होती हौसा. साळी म्हणजे विणकर. पोरगी पंधरा वर्षांची, अंगाने काडी, पण जीभ अशी की बाजारातले दलालसुद्धा तिच्याशी भाव करायला बिचकत. तिची जिवाभावाची मैत्रीण गोदा. पंचक्रोशीत गोदाइतकं पळणारं कुणी नव्हतं, पोरांतही नाही. असं म्हणतात, ती बांधावरून पळाली की होले पक्षी उडायच्या आत ती पुढे गेलेली असायची. त्या उन्हाळ्यात गोदाच्या घोट्याला नारू निघाला, कुणीतरी घाईने ओढला आणि तो तुटला. पाय सुजला, पिकला, आणि बरा झाला तेव्हा गुडघ्यात वाकेना. गोदा पुन्हा कधी पळाली नाही.

हौसा तिच्या उशाशी बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "गोदे, या गावात दुसरी गोदा व्हऊ देनार न्हाई मी."

बोलणं सोपं होतं. करायचं काय, ते तिलाही कळत नव्हतं. पण गावात एक घर असं होतं जिथे नारू कधीच शिरला नव्हता. ते घर वाण्याचं. लोक म्हणायचे, शेठाणीची पुण्याई. हौसा कापड द्यायला तिथे गेली, तर शेठाणी घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधून पाणी गाळत होती. पाण्यातले बारीक जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत, हा त्यांचा धर्म. हौसाने फडकं उन्हात धरून पाहिलं. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

"शेठानबाई," ती म्हणाली, "तुमी ह्यांचा जीव वाचवताय, का हेच तुमाला वाचवत्यात?"

शेठाणी हसली. "दोन्ही म्हण ना, पोरी."

हौसाने मोठ्या माणसांना काही सांगितलंच नाही. मोठी माणसं मान डोलावतात आणि करायचं तेच करतात, हे ती घरातच शिकली होती. तिने बारा ते सतरा वर्षांची पोरंपोरी गोळा केली. गुराखी, कुंभाराच्या लेकी, तालमीतले पैलवान, सगळी. त्यांचा मेळा जमला. कुणाकडून दाणा घ्यायचा नाही, कुणाकडून दमडी घ्यायची नाही, आणि आपल्या वयाच्या एकाही पोराला न गाळता पाणी पिऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा नेम. ज्यांना बारवेवर पाऊल ठेवू देत नसत, त्यांच्या वस्तीतही मेळा गाळलेल्या घागरी पोचवू लागला. त्यावरून शिव्या बसल्या, त्या पोरांनी हसत झेलल्या.

आता राऊजी पाटलाचा मुलगा केरबा सोळा वर्षांचा, तालमीचा लाडका. तोही मेळ्यात आला, तेव्हा पाटलाला राग आला. भर चावडीत त्याने हौसाला बोलावलं.

"काल जन्मलेली पोरं गावाला पानी प्यायला शिकवनार?"

"गावाला न्हाई, पाटील. आमचं आमाला."

"बरं. पुढल्या सालच्या आखाजीपत्तोर मुदत. तवा ह्या वयाचं एक जरी पोर नारूनं पडलं, तर फडकी जाळायची आन मेळा मोडायचा."

"आन न्हाई पडलं तर?"

"तर बारवंच्या पायऱ्या तुमच्या. तुमी म्हनाल तसं."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, उन्हाळ्याचा मध्य. होळी नुकतीच झाली होती. म्हणजे सव्वा वर्ष हातात होतं. असं म्हणतात, त्या सव्वा वर्षात खैरदऱ्यात वाऱ्यापेक्षा पोरांची वर्दळ जास्त होती. जत्रेत, तालमीत, गुरांमागे, जिथे तरणं पोर तिथे गळ्यात फडकं. कुणी ओंजळ पाण्याला लावली की मागून पाच आवाज उठायचे, "गाळ रं!" काहींना तर झोपेतही तेच बडबडायची सवय लागली होती.

आखाजी आली. चावडीपुढे पोरं मोजली. ज्या मेळ्यातल्या निम्म्यांना दरसाल बाज धरावी लागे, त्यातली चारच पडली होती. हौसाला हसावं की रडावं कळेना. कारण पैज एकही न पडण्याची होती, आणि त्या चौघांत एक होता केरबा. पाटलाचाच मुलगा.

 पाटलाने फडकी गोळा करायला सांगितली.

हौसा मात्र केरबाच्या बाजेपाशी गेली. "खरं सांग. न गाळता प्यालास?"

"आईची आन, एक घोट न्हाई."

"मग गाळून दाव."

केरबाने पडल्यापडल्या फडकं मागितलं, तांब्यावर टाकलं, पाणी ओतलं. फडकं काढलं, घडी केली, पुन्हा उलगडून टाकलं. हौसा बघत होती, आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या खेपेला फडकं उलटं पडलं होतं. आधी वर अडकलेले ठिपके आता खाली गेले होते, आणि वरून पडणाऱ्या पाण्याने ते धुऊन तांब्यात उतरत होते. पांढऱ्या फडक्याला दोन्ही बाजू सारख्याच. वर्षभर घाईत कितीजणांनी उलटं टाकलं असेल, देव जाणे.

केरबा लंगडत, भिंतीला धरत चावडीवर गेला. सगळ्या गावासमोर म्हणाला, "आबा, फडक्याचा दोष न्हाई, माझ्या हाताचा हाय. मी उलटं टाकलं. मेळा मोडू नगा. अजून एक साल द्या."

पाटलाला पोराचा पाय दिसत होता. त्याने बराच वेळ पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "एक साल."

त्या रात्री हौसा मागावर बसली. असं म्हणतात, ती उठली ते तिसऱ्या दिवशी, आणि मधल्या वेळात आडवा दोरा नेणारा धोटा आपोआप पळत होता. बापाने हात लावला तर त्यालाच चटका बसला. तिने शे-सव्वाशे फडकी विणली. प्रत्येकाला तांबडा काठ, पण असा विणलेला की एकाच बाजूने दिसावा, दुसरी बाजू कोरी. तांबडं वर, कोरं खाली. आंधळ्याच्या बोटालाही कळावं म्हणून काठ जाड ठेवला होता. गोदा एका पायावर घरोघर फिरली आणि प्रत्येक पोराच्या हातात फडकं देऊन म्हणाली, "तांबडं वर. माझा पाय बघ, आन इसरू नगंस."

कुणी विसरलं नाही.

आणि आणखी एक नेम त्यांनी केला. ज्याच्या पायाला नारू आहे त्याने पाण्यात पाय घालायचा नाही. कारण तिथूनच बीज पाण्यात पडतं. त्याची घागर मेळा भरणार. हे गावाला जड गेलं. सगळ्यांत जड गेलं ते पाटलाला. कारण त्याच उन्हाळ्यात त्याच्या घोट्याला नारू निघाला, आणि जलदेवतेच्या पूजेचा मान पाटलाचा, आणि ती पूजा बारवेच्या पाण्यात उभं राहून करायची.

पूजेच्या दिवशी पाटील वाजतगाजत बारवेवर आला. वरच्या पायरीवर केरबा दोन्ही हात पसरून उभा. त्याचा पाय आता बरा झाला होता. मागे हौसा, गोदा, सगळा मेळा.

"बाजूला हो," पाटील म्हणाला.

"आबा, बसा हितंच. पूजेचं ताट मी खाली नेतो. तुमाला पानीबी मीच आनतो."

सनई थांबली. असं म्हणतात, झाडावरची पाखरंसुद्धा गप झाली. पाटलाने मुलाकडे पाहिलं, मग गोदाच्या ताठ पायाकडे पाहिलं. आणि तो राऊजी पाटील, ज्याच्यापुढे गाव बसत नसे, तो सगळ्यांसमोर दगडी पायरीवर बसला. केरबाने पाणी आणलं, हौसाने गाळलं, आणि पाटील पोरांच्या हातून ते प्यायला.

पुढची आखाजी आली. पोरं मोजली. एकशे चौदा पोरंपोरी, दोन्ही पायांवर उभी. एकही बाजेवर नाही. ढोल असा वाजला की शेजारच्या गावाला वाटलं, खैरदऱ्यात नवरदेव आला. पोरांनी हौसाला खांद्यावर घेतलं, आणि गोदाला तर पाटलानेच आपल्या घोड्यावर बसवलं. ते घोडं वाऱ्यासारखं धावलं, आणि गोदा त्या दिवशी हसता हसता रडली.

आता आपल्या देशात नारू कुठेच उरलेला नाही. पण खैरदऱ्याच्या बारवेच्या पायऱ्या आजही पोरांच्याच. बारा ते सतरा वर्षांची पोरंपोरी दर आखाजीला हौसाचा मेळा बसवतात. आता नारूऐवजी ते टाक्यांमधल्या डासांच्या अळ्या शोधतात, आणि तालमीतल्या पोरांच्या तोंडातला गुटखा काढून टाकायला लावतात. दाणा घेत नाहीत, दमडी घेत नाहीत.

आणि त्या दिवशी कुणीही येवो, सरपंच येवो की आमदार, त्याला वरच्या पायरीवर बसावं लागतं. मागच्या साली एक मोठे साहेब आले होते, बूट घालून तडक खाली निघाले. मेळ्यातल्या सगळ्यांत लहान, बारा वर्षांच्या मुलीने दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "बसा हितं. पानी आमी देऊ."

साहेब बसले.