आतून लावलेला अडसर

कुणाच्या खापरपणजोबालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका अफाट वाळवंटात हिरवळीचं लहानसं बेट होतं. मधोमध गोड्या पाण्याचा झरा, झऱ्याभोवती खजुराची झाडं आणि झाडांच्या सावलीला मातीची घरं. या सगळ्याच्या पाठीशी एक तांबडा कडा उभा होता. त्या कड्यात पूर्वीच्या लोकांनी आपली थडगी कोरून ठेवली होती. त्यांची काळीभोर दारं खाली पाण्याकडे बघत असत. पाणी भरायला आलेल्या बायका मात्र चुकूनही मान वर करत नसत.

गावात एक पाथरवट राहत होता. हाताने मोठा कसबी, पण स्वभावाने भित्रा. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. कड्याच्या मागच्या अंगाला, जिथे कुणी फिरकत नसे, तिथे त्याने दोघांपुरती एक लहानशी कबर आधीच कोरून ठेवली होती.

एके दिवशी सरदाराने त्याला बोलावून घेतलं. सरदार आता म्हातारा झाला होता.

"झऱ्यासमोरचं थडगं मला हवं आहे," सरदार म्हणाला. "येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तेच दिसतं."

पाथरवट म्हणाला, "सरदार, तिथे कुणीतरी आहे."

"हाडं आहेत. ती वाळूत फेकून दे. दारावरची अक्षरं खरवड आणि माझं नाव कोर."

"मी तुम्हाला नवं कोरून देतो. याहून देखणं."

"तेवढी वर्षं माझ्यापाशी नाहीत." मग आवाज जराही न चढवता सरदार म्हणाला, "तुझ्या झाडांना पाण्याची पाळी कोण देतं, ते विसरू नकोस."

पाथरवटाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो त्या थडग्यात शिरला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र विहिरीच्या तळासारखा गारवा. डोळे अंधाराला सरावले तेव्हा त्याला दगडी ओट्यावर एक सांगाडा दिसला. त्याच्या कुशीत दुसरा, अगदी इवलासा. आई होती ती, आणि तिचं तान्हं बाळ.

पळून जावं, असं पाथरवटाच्या मनात आलं. पण पाण्याची पाळी आठवली. त्याने खांद्यावरची चादर अंथरली आणि एकेक हाड उचलून तिच्यात ठेवलं. ठेवताना हाडं एकमेकांवर वाजत होती. तो आवाज आपल्याच हातांचा आहे, हे त्याला कळत होतं, तरी दर वेळी तो मागे वळून बघत होता.

पण त्याच्याने ती वाळूत फेकवली नाहीत. त्याने गाठोडं कड्यामागे नेलं आणि स्वतःसाठी कोरलेल्या कबरीत ठेवलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत. आपल्याला वाळूही चालेल. पण सरदारांना काय सांगणार?"

"फेकली म्हणून सांगेन."

आणि त्याने तसंच सांगितलं.

सरदाराचं नाव दारावर झळकलं. चार दिवस तो आनंदात होता. येता-जाता झऱ्यापाशी थांबायचा, वर बघायचा. मग त्याचं बघणं बदललं. एकदा त्याने पाथरवटाला हाक मारली आणि हळूच विचारलं, "ती हाडं कुठे फेकलीस?"

"लांब, सरदार. वाळूत."

"नीट फेकलीस ना? परत तर येणार नाहीत?"

पाथरवटाला खरं सांगावंसं वाटलं. पण सरदाराचे डोळे पाहून त्याची जीभ उचलेना.

त्यानंतर सरदाराची झोप उडाली. मी एकाला बाहेर काढलं, उद्या मला कुणी काढणार नाही कशावरून? हाच विचार त्याला पोखरू लागला. त्याने थडग्यावर पहारेकरी बसवले. मग त्याला पहारेकऱ्यांचाच संशय येऊ लागला, म्हणून त्यांना हाकललं. पोटची मुलं समोर आली, तरी तो त्यांच्या हातांकडे बघायचा.

शेवटी त्याने पाथरवटाला हुकूम दिला, "दाराला जाड शिळा बसव. आणि अडसर आतून लाव."

"आतून?" पाथरवटाच्या तोंडून निघून गेलं. मेलेल्या माणसाला आतला अडसर काय कामाचा, हे त्याला उमगेना. उमगलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला.

अडसर बसला त्याच दिवशी सरदार आपल्या थडग्यात राहायला गेला. मुलांनी विनवण्या केल्या, पण तो बाहेर आला नाही. दाराच्या फटीतून तेवढं अन्नपाणी घ्यायचा.

मग वाळूचं वादळ आलं. तीन दिवस सूर्य दिसला नाही. माणसं, उंट, शेळ्या सगळी घरांत कोंडून बसली. वादळ ओसरलं तेव्हा झऱ्यासमोरचं दार अर्धं वाळूत गाडलं गेलं होतं. ती फटही बुजली होती.

मुलं वाळू उपसू लागली. पाथरवटही पाण्याची मशक आणि घण घेऊन धावला. वाळू बाजूला झाली तेव्हा दिसलं, की सरदाराने फट आतूनही दगडांनी बुजवून घेतली आहे. पाथरवटाने शिळेला तोंड लावून हाक मारली, "सरदार, पाणी आणलंय. अडसर काढा."

आतून खरखरता आवाज आला, "कोण आहे?"

"मी पाथरवट. तुमची मुलंही आहेत."

"मला बाहेर काढायला आलात."

"होय सरदार, वाचवायला आलोय."

"बाहेर काढायला आलात," आतला आवाज पुन्हा म्हणाला. "ती हाडं आली आहेत तुमच्याबरोबर. आपली जागा मागायला."

इतके दिवस गिळून ठेवलेलं खरं पाथरवटाने आता सांगून टाकलं. "सरदार, मी ती हाडं फेकली नाहीत. माझ्या स्वतःच्या जागेत नीट ठेवली आहेत. तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. दार उघडा."

"तेव्हा फेकली म्हणालास," सरदार म्हणाला. "खोटं तेव्हा बोललास की आता बोलतो आहेस? तुझ्या शब्दावर मी अडसर काढू?"

पाथरवटाच्या मागे झरा खळखळत होता. त्याच्या खांद्यावरची मशक भरलेली होती, आणि दोघांच्या मध्ये होती फक्त त्यानेच घडवलेली शिळा. तो घण घेऊन तिच्यावर तुटून पडला. प्रत्येक घावाला आतून किंकाळी यायची. मग किंकाळ्या क्षीण झाल्या. मग नुसताच घणाचा आवाज उरला.

शिळा फुटली तेव्हा सरदार दाराला पाठ लावून बसलेला सापडला. दोन्ही टाचा त्याने जमिनीत रोवल्या होत्या. तहानेने त्याचे ओठ चिरले होते आणि श्वास थांबला होता.

मुलांनी त्याला तिथेच ओट्यावर निजवलं. पुढे कित्येक सरदार आले आणि गेले, पण ती जागा कुणीही मागितली नाही. पाथरवटाने मात्र पुन्हा कधी भीतीपोटी खोटा शब्द तोंडातून काढला नाही. घणाचा तो आवाज त्याच्या कानांतून शेवटपर्यंत गेला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: हिसकावून घेतलेल्या जागेचा माणूस मालक होत नाही, तिचा जन्माचा पहारेकरी होतो.